सामाजिक साहाय्याच्या सेवा ऑनलाइन होताना वृद्ध आणि दिव्यांगांसाठी कार्यालयाकडे नेमके काय मागावे?

प्रश्न : कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ (पूर्व उपनगर)

नमस्कार. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका ज्येष्ठ नागरिक संघाची मी कार्यवाह आहे. आमचे सभासद बहुतेक जुन्या वसाहतींत आणि लगतच्या वस्त्यांत राहणारे, कारखान्यांतून निवृत्त झालेले किंवा घरकाम आणि पोळीभाजी करून संसार उभा केलेले आहेत. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी संघाच्या खोलीत बसून आम्ही तिघीजणी लोकांना अर्ज भरून देतो. संजय गांधी निराधार अनुदान, श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन, दिव्यांगांचे अर्थसाहाय्य, उत्पन्नाचा दाखला अशी ती कामे असतात. पूर्वी कागद जमवणे एवढेच जिकिरीचे असे. आता कागद कमी झाले आहेत, पण अर्ज कुठे अडला आहे हे आम्हालाही कळत नाही आणि खिडकीपलीकडच्या माणसालाही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यातला प्रसंग सांगते, म्हणजे माझा प्रश्न नीट लक्षात येईल. आमच्या एका ७४ वर्षांच्या सभासद आजींचे अनुदान दोन महिने जमा झाले नव्हते. कुणीतरी सांगितले की पडताळणी राहिली असेल, म्हणून मी त्यांना सेवा केंद्रात घेऊन गेले. या आजींनी तीस वर्षे लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, भांडी घासली. त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्रावर अंगठा ठेवला की तांबडा दिवा लागे. त्यांनी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला. केंद्रातल्या मुलाने ओले फडके दिले, मग दहाही बोटे एकेक करून ठेवून पाहिली. तो मुलगा चांगला होता, रांग वाढत असतानाही त्याने आवाज चढवला नाही. शेवटी तो म्हणाला की ओटीपीने करून बघू. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक नातवाचा आणि नातू नोकरीसाठी पुण्याला. त्याला फोन लावला, त्याने सहा आकडे सांगितले, आजींनी ते मला सांगितले, मी त्या मुलाला सांगितले, आणि तोवर वेळ संपलेली होती. तीन वेळा असे झाल्यावर सर्व्हर बंद पडला. रिक्षात बसताना आजी मला एवढेच म्हणाल्या, "मी तर समोरच बसले होते ना गं?"

आता आमच्या भागातील एका कार्यालयाने स्वयंसेवी संस्थांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. वृद्ध, दिव्यांग आणि एकल महिलांसाठीच्या सगळ्या सेवा एकाच संकेतस्थळावर आणण्याचा विचार आहे, असे त्या पत्रात म्हटले आहे. आम्ही याच्या विरोधात नाही. जिना उतरवत नाही अशा माणसाला घरबसल्या अर्ज करता आला तर आम्हाला आनंदच आहे. परंतु "सगळे ऑनलाइन करू नका" असे मोघम लिहून पाठवले तर ते पत्र फायलीत पडून राहील याची मला खात्री आहे. ज्यांनी अशा कार्यालयांत काम केले आहे, ज्यांनी अशा प्रणाली तयार केल्या आहेत किंवा जे स्वतः त्या वापरतात, त्यांना विचारायचे आहे की आम्ही नेमके काय मागावे? आमच्याकडे पंधरा दिवस आहेत.

उत्तर १ : निवृत्त अव्वल कारकून

ताई, महसूल खात्यात माझी ३४ वर्षे गेली आणि त्यातली काही वर्षे मी याच योजनांच्या टेबलावर होतो. आपण पत्र लिहिण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी, कारण मुंबईत बहुतेकांची तिथेच गल्लत होते. संजय गांधी आणि श्रावणबाळ या राज्य शासनाच्या योजना आहेत आणि त्यांचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत तहसीलदार पाहतात. शहर जिल्ह्याचे मुख्य कार्यालय फोर्टला जुन्या जकात घरात आणि उपनगर जिल्ह्याचे वांद्रे पूर्वेला आहे. दिव्यांगांना अर्थसाहाय्य, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिकांसाठीचे उपक्रम ही कामे महापालिका नियोजन खात्यामार्फत करते आणि विभाग कार्यालयात त्यासाठी समाज विकास अधिकारी आणि समुदाय संघटक असतात. म्हणजे एकाच खोलीत राहणाऱ्या नवराबायकोपैकी तिचे अनुदान एका यंत्रणेकडून आणि त्याचे साहाय्य दुसऱ्या यंत्रणेकडून येऊ शकते, आणि दोन्हीकडे तेच शिधापत्रिकेचे झेरॉक्स, तोच रहिवासाचा पुरावा. आपल्याला पत्र कोणत्या कार्यालयाकडून आले आहे ते पाहा आणि एका यंत्रणेने तपासलेला कागद दुसऱ्या यंत्रणेने ग्राह्य धरावा ही मागणी पहिल्याच परिच्छेदात करा.

जुना काळ चांगला होता असे मी म्हणणार नाही. बारनिशीत, म्हणजे आवक नोंदीच्या टेबलावर अर्ज आला, आवक क्रमांक पडला, मग तो नस्तीला, म्हणजे फायलीला लागला की नाही हे त्या टेबलावरच्या माणसाच्या मर्जीवर असे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना दाखले गहाळ होत आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सगळे जमवायला लागे. मी स्वतः एकदा कपाटामागे पडलेले अकरा अर्ज काढले आहेत, त्यातल्या दोन अर्जदारांचे तोवर निधन झाले होते. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. त्यामुळे प्रत्येक अर्जाला क्रमांक, तारीख आणि सध्याचे ठिकाण असणे हा संगणकाचा मोठा उपकार आहे, आणि तो आपण सोडू नये.

पण संगणक आला तेव्हा एक गोष्ट हातची गेली, ती म्हणजे कारण. आम्ही टिपणी लिहीत असू, "सदर अर्जदाराने अमुक दाखला जोडलेला नाही, सबब त्रुटीपूर्ततेसाठी परत". आता पडद्यावर नुसते "प्रलंबित" किंवा "नामंजूर" दिसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना कारणे लेखी कळवावी लागतात आणि अर्जदाराला ३० दिवसांत पहिले अपील करता येते. वाजवी कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीही होऊ शकते. आपण मागा की, सेवा अधिसूचित असो वा नसो, थांबलेल्या प्रत्येक हप्त्याचे आणि अडलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण साध्या मराठीत, एका वाक्यात, छापील मिळाले पाहिजे आणि त्याखाली ते दूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व बसण्याची जागा असली पाहिजे. सगळ्या त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात हेही लिहा. एकेक त्रुटी काढून चार खेपा घालायला लावणे संगणकावरही होऊ शकते.

दुसरी गोष्ट हयातीच्या दाखल्याची. मुंबईत मृत्यूची नोंद महापालिकाच करते. २१ दिवसांत नोंद करायची असा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाच आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या नोंदींचा राष्ट्रीय पातळीवर एकत्रित साठा करण्याची तरतूद झाली आहे. म्हणजे कोण गेले याची वही शासनाच्याच कपाटात आहे. असे असताना दरवर्षी लाखो जिवंत माणसांनी येऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे, याऐवजी कार्यालयाने ती वही उघडून पाहावी आणि ज्यांचे नाव जुळते त्यांच्याच घरी चौकशीला जावे, हे अधिक न्याय्य नाही का? डिजिटल बदलाचा खरा उपयोग मला यात दिसतो. पुराव्याचा भार म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरून कार्यालयाच्या खांद्यावर आला पाहिजे.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. या योजनांची कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१ हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. मुंबईत इतक्या पैशांत कोण जगते ते आपण जाणता. माणूस तपासणीला जात असे तेव्हा तो घर बघे, चूल बघे, औषधांच्या बाटल्या बघे आणि मग आपला अभिप्राय लिही. उद्या संगणकाने माहितीचे निरनिराळे साठे आपोआप जुळवायला घेतले, तर मुलाने कधी महिनाभर केलेल्या नोकरीच्या नोंदीवरूनही आई अपात्र ठरू शकेल. ही मर्यादा बदलणे कार्यालयाच्या हातात नाही, परंतु केवळ यांत्रिक जुळणीवरून कुणाचे अनुदान बंद करू नये, आधी नोटीस द्यावी आणि बाजू मांडायची संधी द्यावी, हे लिहून ठेवायलाच हवे.

उत्तर २ : प्रणाली अभियंता, ठाणे

काकांचे म्हणणे मला पटते. मी अशा प्रणाली तयार करणाऱ्या चमूंत काम केले आहे, म्हणून आतल्या बाजूचे थोडे सांगतो.

ताई, त्या आजींचे दोन महिन्यांचे पैसे पडताळणीमुळेच अडले, असे कुणी लेखी सांगितले आहे का? नसेल तर आधी एक गोष्ट तपासा. या योजनांचे अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणाने येते आणि त्यात पैसे आधार क्रमांकाच्या आधारे पाठवले जातात. कोणत्या आधार क्रमांकाला कोणती बँक जोडली आहे याची एक मध्यवर्ती सूची राष्ट्रीय देयक निगमाकडे (एनपीसीआय) असते. एका आधारला त्या सूचीत एकच बँक असते आणि सर्वांत शेवटी जोडलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते. समजा आजींनी कुठे सिमकार्ड घेताना किंवा कुठल्या शिबिरात अंगठा दिला आणि त्यातून त्यांच्या नावाने नवे खाते उघडून ते आधारला जोडले गेले, तर पैसे मुकाट्याने तिकडे जातात. जुने पासबुक भरून आणले तर त्यात काहीच दिसत नाही. कार्यालयातल्या पडद्यावर मात्र "यशस्वी" असे लिहिलेले असते, म्हणून कर्मचारीही खोटे बोलत नसतो. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" पाहिले की बँकेचे नाव कळते, पण त्यासाठीही ओटीपी लागतो, तेव्हा नातवाला फोनवर घेऊन निवांतपणे एका जागी बसून हे करा.

ओटीपीबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की ज्यांचा स्वतःचा मोबाइल नाही त्यांच्यासाठी तो सुरक्षेचा उपाय नाही, कारण तिथे ओळख पटते ती नातवाची. मी एका कामात ओटीपीची मुदत वाढवून मागितली होती तेव्हा मला सांगण्यात आले की वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वेळेत होते. ते खरे होते. ज्यांचे होत नव्हते ते सगळे सत्तरीच्या पुढचे होते, आणि ती योजनाच त्यांच्यासाठी होती. तेव्हा मी अधिक जोर लावायला हवा होता, असे मला आजही वाटते. आपण असे मागा की वृद्ध आणि दिव्यांग अर्जदाराला एक साहाय्यक व्यक्ती नोंदवता यावी. तिचे नाव, तिला काय करता येईल आणि काय करता येणार नाही हे अर्जदाराच्या संमतीने ठरावे आणि कधीही रद्द करता यावे. आज लोक ते करतातच, पण आजीचा परवलीचा शब्द कुणालातरी सांगून करतात, आणि त्यातून फसवणूक होते.

मृत्यूच्या नोंदवहीशी जुळणी करण्याची काकांची सूचना चांगली आहे, फक्त तिच्यात एक धोका आहे. मृत्यूच्या प्रत्येक नोंदीत आधार क्रमांक असेलच असे नाही. मग जुळणी नावावरून होते, आणि मराठी नावे रोमन लिपीत नेली की त्यांचे काय होते हे आपण सगळ्यांनी शिधापत्रिकेवर पाहिले आहे. एकाच बाईचे माहेरचे नाव बँकेत, सासरचे आधारवर आणि मधले नाव कुठे नवऱ्याचे तर कुठे वडिलांचे. त्यातच "लक्ष्मी", "सुमन", "शांता" ही नावे एका वस्तीत वीस-वीस जणींची असतात. तेव्हा नाव जुळले की फक्त संशयाची खूण करावी, कर्मचारी घरी जाऊन येईपर्यंत पैसे चालू राहावेत. माणूस खरोखरच गेलेला असेल तर दोन हप्ते जादा जातील आणि नंतर वसूल होतील किंवा बुडतील. जिवंत माणसाचे दोन हप्ते चुकून थांबले तर त्याची औषधे थांबतात. या दोन चुका सारख्या नाहीत आणि प्रणाली आखताना कुठली चूक पत्करायची हे आधीच ठरवावे लागते.

आणखी थोडे. अर्धवट भरलेला अर्ज जतन झाला पाहिजे. छायाचित्राच्या आकाराची अट कार्यालयाच्या प्रणालीने स्वतः पूर्ण करावी, ती कुणा आजोबांकडून अपेक्षित धरू नये. आणि सर्व्हर बंद असेल त्या दिवसांची नोंद ठेवून तेवढी मुदत सर्वांना आपोआप वाढवून मिळावी.

उत्तर ३ : दृष्टिबाधित, दादर

मी पूर्णतः अंध आहे आणि बँकेत नोकरी करतो. वरची सगळी चर्चा ऐकताना, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवरून ऐकताना, मला एक बाजू मांडावीशी वाटली.

कागदाचा अर्ज म्हणजे माझ्यासाठी नेहमी दुसऱ्याचे हात आणि दुसऱ्याचे डोळे. माझे उत्पन्न किती, माझ्या घरी कोण कोण आहे, माझ्या दिव्यांगत्वाची टक्केवारी किती, हे सगळे मी खिडकीवर मोठ्याने सांगायचे आणि मागच्या रांगेने ते ऐकायचे, असे वर्षानुवर्षे चालले. महाविद्यालयात असताना माझ्या सवलतीच्या अर्जावर शेजारच्या मुलाने चुकीच्या रकान्यात खूण केली होती आणि ते मला सहा महिन्यांनी कळले. पहिल्यांदा मी एक अर्ज संगणकावर एकट्याने, पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटणापर्यंत भरला, तेव्हा मी घरात कुणालाही न सांगता थोडा वेळ तसाच बसून राहिलो होतो. म्हणून ताई, आपल्या पत्रात "माणसाची मदत हवी" असे लिहाल तेव्हा ती मदत मागितल्यावर मिळावी असे लिहा. ज्याला स्वतः करायचे आहे त्याची वाट तिने अडवू नये.

अडचण येते ती अर्धवट केलेल्या कामांमुळे. वाकडीतिकडी अक्षरे ओळखा असा चौकोन येतो आणि त्याला ध्वनीचा पर्याय नसतो. "येथे क्लिक करा" असे बटण असते, पण स्क्रीन रीडरला वाचता येईल असे नाव त्याला दिलेले नसते, त्यामुळे माझा संगणक नुसते "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो. मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवलेला असतो, तो वाचलाच जात नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलेले शासकीय परिपत्रक ऐकायला लावले तर निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२ व्या कलमात माहिती आणि संपर्काची साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्ल हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि दृष्टिबाधितांच्या याचिकांवर निर्णय देताना डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या पद्धती सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. त्या प्रकरणात एक मुद्दा पापण्या मिटण्याचा होता. ज्यांच्या डोळ्यांना इजा झाली आहे त्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून जिवंतपणा दाखवा असे सांगितले जात होते. चेहऱ्यावरून पडताळणी येणार असेल तर हा मुद्दा आपल्या पत्रात अवश्य यावा.

महापालिकेच्या धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजनेचे उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. तिची पात्रता दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राच्या (यूडीआयडी) रंगावर आहे. पिवळे कार्ड, म्हणजे ४० ते ८० टक्क्यांपर्यंत दिव्यांगत्व असेल तर महिन्याला एक हजार आणि निळे कार्ड, म्हणजे त्याहून अधिक असेल तर तीन हजार या हिशेबाने सहा-सहा महिन्यांची रक्कम एकदम मिळते. एकदा तपासणी झाली, कार्ड झाले, की टक्केवारी पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागत नाही, हे या पद्धतीतले चांगले आहे. मात्र ते कार्ड मिळवण्यासाठी नोंदणी घरून होत असली तरी तपासणीला रुग्णालयात जावेच लागते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लोकलने किंवा टॅक्सीने तिथे नेणे किती अवघड आहे ते ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच माहीत. महापालिकेचे दवाखाने जवळपास प्रत्येक भागात आहेत. महिन्यातून एक दिवस तपासणीचे पथक तिथे यावे, अशी मागणी केली तर ती अवास्तव ठरू नये.

उत्तर ४ : परिचारिका, पूर्वी इंग्लंडमध्ये नोकरी, सध्या गोरेगाव

मी नऊ वर्षे इंग्लंडमध्ये वृद्धांच्या सेवेत काम करून परत आले. तिथे वृद्ध आणि दिव्यांगांची देखभाल ही स्थानिक परिषदेची जबाबदारी असते आणि २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे ज्याला मदतीची गरज दिसते त्याच्या गरजेचे मूल्यमापन परिषदेला करावेच लागते. त्याचे उत्पन्न किती हा प्रश्न त्यानंतर येतो. आपली परिस्थिती, आपला पैसा आणि आपली गर्दी वेगळी आहे, त्यामुळे तिथले सगळे इथे आणा असे मी म्हणणार नाही.

फक्त एक अनुभव इथे लागू पडेल. तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात एक लहानसे बटण असते. पडलो, झडलो तर ते दाबायचे, की घरच्या टेलिफोनच्या तारेवरून मदत केंद्राला हाक जाते. सुमारे १८ लाख लोक अशा साधनांवर अवलंबून आहेत. टेलिफोन कंपन्यांनी जुन्या तारा बंद करून सगळे डिजिटल करायला घेतले, तेव्हा काही ठिकाणी हे बटण दाबूनही हाक पोचली नाही, गंभीर घटना घडल्या, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये लोकांच्या संमतीविना होणारे हे बदल थांबवावे लागले. जुनी सेवा बंद करण्याची मुदत पुढे जानेवारी २०२७ पर्यंत नेण्यात आली. बदल करणाऱ्यांकडे कोणाच्या घरी असे बटण आहे याची पूर्ण यादीच नव्हती. तेव्हा ताई, आपण कार्यालयाला असे विचारा की कागदाची खिडकी बंद करण्यापूर्वी आज तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे याची यादी त्यांच्याकडे आहे का. तशी यादी तयार होऊन त्यातल्या प्रत्येकाचे काम नव्या मार्गाने एकदा तरी पार पडल्याशिवाय खिडकी बंद होऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता दादांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी नातवाला फोनवर घेऊन आजींच्या आधारला कोणती बँक जोडली आहे ते पाहिले. ती त्यांची नेहमीची बँक नव्हतीच. रस्त्यावरच्या छत्रीखाली सिमकार्ड घेताना उघडले गेलेले ते खाते होते आणि दोन्ही महिन्यांचे पंधराशे-पंधराशे रुपये तिथे जसेच्या तसे पडून होते. म्हणजे आम्ही महिनाभर अंगठ्यामागे धावलो आणि अडचण अंगठ्याची नव्हतीच. त्यांना सेवा केंद्रात बसवून मी दहा बोटे दाबायला लावली, याचे मला वाईट वाटते. कुणी एका ओळीत "रक्कम अमुक बँकेत जमा" असे लिहून दिले असते तर त्यांच्या दोन खेपा वाचल्या असत्या. काका, कारण लेखी मिळावे ही आपली मागणी आम्ही म्हणूनच सर्वांत वर घेतली आहे.

काल रात्री आम्ही तिघींनी पत्राचा मसुदा पुरा केला. त्यात लिहिले आहे की थांबलेल्या प्रत्येक हप्त्याचे कारण, रक्कम गेलेल्या बँकेचे नाव आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम छापून मिळावे. मृत्यूची नोंद जुळली तरी घरी जाऊन खात्री होईपर्यंत अनुदान चालू राहावे. अंगठा उमटत नसेल तर डोळ्याने, चेहऱ्याने किंवा साध्या कागदावर सहीने आणि समुदाय संघटकाच्या साक्षीने ओळख पटवता यावी. आधारची पडताळणी फसली एवढ्या कारणावरून कुणाला लाभ नाकारू नये हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात नमूद केलेले आहे, त्याचाही उल्लेख केला आहे. दादरच्या दादांचा मुद्दा आम्ही त्यांच्याच शब्दांत घेतला आहे, मदत मागितल्यावर मिळावी. परिचारिकाताईंनी सुचवलेली यादी कार्यालयाकडे नसेल तर आमच्या भागापुरती ती आम्हीच घरोघर जाऊन करून देऊ, असेही कळवले आहे.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. घरी जाऊन खात्री करावी असे आपण म्हणतो, पण ती करायला माणसे कोण? समुदाय संघटकांकडे आधीच बचत गटांची, सर्वेक्षणांची आणि निवडणुकीची कामे आहेत. माझ्या सहकारी म्हणतात की संघाच्या सभासदांना हे काम मानधनावर द्यावे. मला भीती वाटते की शेजाऱ्याने शेजाऱ्याची पात्रता तपासायची म्हटले तर वस्तीत त्याचे भांडण होईल, आणि गरीब बाईचे अनुदान शेजारणीच्या मनावर अवलंबून राहील. काका, तुमच्या वेळी तलाठी किंवा कारकून घरी जाई तेव्हा तो दुसऱ्या भागातला असे का? याबद्दल दोन ओळी लिहाल तर पत्र बुधवारी देण्यापूर्वी आम्हाला ठरवता येईल.

आजींचा नातू शनिवारी येतो आहे. आधी बँकेत जाऊन खाते पूर्ववत जोडायचे आणि मग आधारला आजींचा स्वतःचा मोबाइल क्रमांक लावायचा, असे ठरले आहे. साधा, बटणांचा फोन घेऊन झाला आहे आणि तो आल्यापासून त्या मला रोज सकाळी एकदा फोन लावून तो चालतो आहे ना याची खात्री करून घेतात.